हॅलोविन, बागुलबुवा आणि शेजारचा दिवा

"31 ऑक्टोबरला काय प्लॅन?" या प्रश्नाला आजकाल दोनच उत्तरं चालतात. एक म्हणजे पार्टी, आणि दुसरं म्हणजे त्या पार्टीचा पास मिळाला नाही म्हणून दुसरी पार्टी. यातलं काहीच न सांगता "घरी बसून एकटीच हॉरर पिक्चर बघणार" असं म्हटलं की पब्लिक आधी हसतं, मग जरा गंभीर होतं आणि हळू आवाजात विचारतं, "सगळं ठीक आहे ना गं?" जणू काही मी पाचही विषयांत केटी लागल्याचं जाहीर केलंय!

तर मंडळी, सगळं ठीक आहे. गेली दोन वर्षं माझ्या दोघी रूम-पार्टनर तोंडाला पांढरं फासून कुठल्याशा कॅफेत जातात आणि मी फ्लॅटच्या दाराला कडी लावून, लॅपटॉप उघडून भयपट बघते. यंदाही तेच करणार आहे. माझं म्हणणं असं आहे की हॅलोविन साजरा करायची हीच सगळ्यात योग्य पद्धत आहे, आणि आपल्यापैकी प्रत्येकाने, त्यातही होस्टेलवाल्यांनी, ती एकदा तरी करून बघावी. का, ते सांगते.

आधी थोडा इतिहास. घाबरू नका, वायवाला पुरेल इतकाच! आयर्लंड-स्कॉटलंडकडे सुगी संपून हिवाळा लागताना ‘साविन’ नावाचा जुना सण असायचा. त्या रात्री जिवंत माणसांचं जग आणि मेलेल्यांचं जग यांच्यातली भिंत पातळ होते, अशी समजूत. पुढे ख्रिस्ती कॅलेंडरात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला. त्याची आदली संध्याकाळ म्हणजे ‘ऑल हॅलोज ईव्ह’, आणि तेच बोलण्यात झिजून झालं हॅलोविन. 2 नोव्हेंबर हा ‘ऑल सोल्स डे’, म्हणजे गेलेल्या माणसांचा दिवस. एवढा भाग आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचा पाठ असतो. वसईला, वांद्र्याला, गोव्यात त्या दिवशी कॅथलिक कुटुंबं दफनभूमीत जाऊन थडग्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. पितृपक्ष म्हणजे काय हे वर्गातल्या कॅथलिक मैत्रिणींना कधी समजावून सांगावं लागलं नाही, ते यामुळेच.

1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ पडला. लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले आणि जाताना आपला सण बरोबर घेऊन गेले. आपल्या देशात ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. अमेरिकेत त्यांना भोपळा सापडला, सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. मटेरियल बदललं, डिझाइन तेच! विसाव्या शतकात तिथे पोरांनी वेष बदलून घरोघरी दार वाजवायचं आणि खाऊ मागायचा, ही पद्धत रूढ झाली.

आता यात महत्त्वाचं काय आहे बघा. घर आणि दार. बाहेर कोणीतरी आहे, दार वाजतंय, आणि उघडायचं की नाही हे आतल्या माणसाने ठरवायचंय. अख्खा सण या एका क्षणावर उभा आहे. त्यामुळे कव्हर चार्ज भरून, डीजे लावून कॅफेत हॅलोविन होतो कसा हे मला अजून कळलेलं नाही. तिथे दार वाजवणार कोण? बाउन्सर?

अमेरिकेतल्या भयपटवाल्यांनी नेमकं हे घर आणि हे दार उचललं. सगळ्यात भन्नाट उदाहरण म्हणजे जॉन कार्पेंटरचा 1978 सालचा ‘हॅलोविन’. ज्यांनी बघितला नसेल त्यांना एक वॉर्निंग: पुढे थोडी गोष्ट फुटणार आहे. (शेवटचं दृश्य सांगत नाही, तेवढा विश्वास ठेवा.)

इलिनॉय राज्यातलं हॅडनफील्ड नावाचं एक काल्पनिक, नीटनेटकं गाव. 1963 च्या हॅलोविनच्या रात्री सहा वर्षांचा मायकल मायर्स आपल्याच घरात मोठ्या बहिणीचा सुऱ्याने खून करतो. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळतो आणि गावात परत येतो. त्या रात्री लॉरी नावाची शाळकरी मुलगी टॉमी नावाच्या छोट्या मुलाला सांभाळायला त्यांच्या घरी आलेली असते. आणि मजा म्हणजे त्या घरातली पोरं त्या रात्री काय करत असतात? टीव्हीवर भयपट बघत असतात! 1951 सालचा ‘द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड’. म्हणजे हॅलोविनला घरी बसून हॉरर बघायचा शोध मी लावलेला नाही, खुद्द ‘हॅलोविन’मध्येच तो आहे.

इंजिनिअरिंगवाल्यांनी तर हा पिक्चर मिनी प्रोजेक्टचा आदर्श म्हणून बघावा. बजेट साधारण तीन लाख डॉलर, म्हणजे हॉलीवूडच्या मानाने चिल्लर. शूटिंग वीस-एक दिवसांचं. गोष्ट शरद ऋतूतली, पण शूटिंग वसंतात आणि तेही कॅलिफोर्नियात, त्यामुळे वाळलेली पानं रंगवून आणली. एक सीन झाला की तीच पानं गोळा करून पुढच्या सीनला पसरायची! खुन्याचा मुखवटा दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला, तोही ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा. त्याला पांढरा रंग मारला, डोळ्यांची भोकं मोठी केली, झाला बागुलबुवा तयार. लॉरीचं काम करणारी जेमी ली कर्टिस तेव्हा 19 वर्षांची होती, म्हणजे आपल्या एसईच्या पोरींच्या वयाची. या पिक्चरने जगभरात सुमारे सात कोटी डॉलर कमावले.

पण हे सगळं ग्रुपमध्ये बघितलं तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. होस्टेलच्या एका रूममध्ये चौदा जण. एक जण आधीच पाहून आलेला, तो दर पाच मिनिटांनी "आता बघ, आता बघ" करणार. दुसरा चिप्सचं पाकीट फोडणार. हिरॉईन जिन्यावर गेली की तिसरा ओरडणार, "अगं बाई, लाईट लाव!" टाईमपास म्हणून झकास, मी पण खूप केलाय. पण तेव्हा आपण पिक्चर बघत नसतो, आपण एकमेकांना बघत असतो. भीती वाटली की लगेच कोणीतरी जोक मारतो आणि ती भीती सगळ्यांत वाटून संपते. आपल्या भाषेत सांगायचं तर सिग्नल कमी, नॉइज जास्त.

आणि भयपटात सिग्नल फार बारीक असतो. कार्पेंटरने स्वतः सांगितलेला किस्सा आहे. संगीत आणि साउंड इफेक्ट घालायच्या आधी त्याने हा पिक्चर एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला, तर त्या अजिबात घाबरल्या नाहीत. मग त्याने ठरवलं की पिक्चर संगीताने वाचवायचा. ते संगीत त्याने स्वतःच केलं. पियानोची एक साधी धून, पाच मात्रांच्या ठेक्यात. हा ठेका त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणी बोंगोवर शिकवला होता. आपल्या झपतालाच्या 10 मात्रा, हा त्याच्या निम्मा. कानाला चारची सवय असते, त्यामुळे प्रत्येक आवर्तनाला काहीतरी एक पाऊल चुकल्यासारखं वाटत राहतं. ‘सायको’ची (1960) गोष्ट तशीच. बाथरूममधल्या खुनाच्या सीनला संगीत नको असं हिचकॉकचं आधी मत होतं. बर्नार्ड हरमनने तरीही नुसत्या तंतुवाद्यांचं ते किंचाळणारं संगीत करून ऐकवलं आणि हिचकॉकने मत बदललं. आता हे सगळं चिप्सच्या पाकिटाच्या आवाजात ऐकू येणार आहे का?

आपल्याकडे राम गोपाल वर्माला हे बरोबर कळलं होतं. 2008 साली ‘फूंक’ आला तेव्हा त्याने जाहीर केलं होतं की थिएटरमध्ये एकटं बसून हा पिक्चर पूर्ण बघणाऱ्याला पाच लाख रुपये. पब्लिसिटी स्टंट होता, मान्य. पिक्चर कसा होता यावर वाद घालू शकतो. पण पैजेची अट बघा. ‘पिक्चर बघा’ एवढीच नव्हती, ‘एकट्याने बघा’ अशी होती. भयपटाची खरी परीक्षा एकट्या माणसावरच होते, हे त्या पैजेतच आलं.

कमी दाखवून जास्त घाबरवणारे पिक्चर तर एकट्यासाठीच बनलेले असतात. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (1999) मध्ये मेरीलँडच्या जंगलात गेलेली तीन पोरं हरवतात, आणि ती चेटकीण शेवटपर्यंत एकदाही दिसत नाही. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (2007) तर ओरेन पेलीने सॅन डिएगोमधल्या आपल्या राहत्या घरातच, साधारण पंधरा हजार डॉलरमध्ये आणि आठवड्याभरात उरकला. बराच वेळ काय दिसतं? एक बेडरूम, एक कॅमेरा, उघडं दार. बस. ग्रुपमध्ये लोक म्हणतात, "अरे, काहीच होत नाहीये." एकटं असलं की तेच उघडं दार बघता बघता आपण हळूच मागे वळून आपल्या रूमचं दार बघतो.

इथपर्यंत बऱ्याच जणांना पटेल. पण माझा खरा मुद्दा यापुढचा आहे.

मुलगी एकटी आहे म्हटलं की सगळ्यांना काळजी वाटते. "एकटी कशी राहशील? भीती नाही वाटत?" हा प्रश्न मला घरून, नातेवाइकांकडून, घरमालकीणबाईंकडून इतक्या वेळा आलाय की मी त्याचं उत्तर छापूनच ठेवणार आहे. यामागे गृहीत असं की धोका बाहेर आहे, अनोळखी आहे, आणि आपल्या माणसांत असलं की आपण सेफ.

अमेरिकेतही हॅलोविनबद्दल अगदी हीच समजूत आहे. कोणीतरी अनोळखी माणूस पोरांना विष घातलेली चॉकलेटं देतो, ही भीती तिथल्या आई-बापांनी अनेक वर्षं बाळगली. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1958 पासूनच्या बातम्या खणून काढल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या अशा खाऊने मूल दगावल्याची एकही खरी केस त्याला सापडली नाही. 1974 मध्ये टेक्सासमध्ये एका मुलाचा हॅलोविनच्या गोळीतल्या सायनाइडने खरंच जीव गेला. पण ती गोळी देणारा अनोळखी नव्हता. तो त्याचा बाप होता, विम्याच्या पैशासाठी.

भयपट ही गोष्ट कधीपासून सांगत आलेत! ‘हॅलोविन’चा पहिला खून घरातल्या पोराने घरातच केलेला आहे. ‘सायको’मधला नॉर्मन किती सभ्य, किती अदबीने बोलणारा. ‘द शायनिंग’मध्ये (1980) बर्फात अडकलेल्या त्या भल्यामोठ्या हॉटेलात कुऱ्हाड घेऊन मागे लागतो तो बापच. आणि होस्टेलवाल्यांनी आवर्जून बघावा असा म्हणजे बॉब क्लार्कचा कॅनेडियन ‘ब्लॅक ख्रिसमस’ (1974). कॉलेजच्या मुलींचं एक घर, ख्रिसमसची सुट्टी लागलेली, आणि सारखे घाणेरडे फोन येतायत. एक मुलगी गायब होते. तक्रार द्यायला गेल्यावर पोलीस चौकीतला सार्जंट म्हणतो, असेल बॉयफ्रेंडबरोबर कुठेतरी. आणि ते फोन कुठून येत असतात? त्याच घरातून.

या पिक्चरमध्ये माणसं एकटी आहेत म्हणून मरत नाहीत. त्यांचं कोणी ऐकून घेत नाही म्हणून मरतात. मराठीत याला दोन सोपे शब्दप्रयोग आहेत: एकटं असणं आणि एकटं पडणं. कडी लावून, चहाचा मग घेऊन लॅपटॉपसमोर बसलेली मी एकटी आहे. गर्दीच्या मधोमध ओरडत असलेली आणि कोणाचंच लक्ष नसलेली मुलगी एकटी पडलेली आहे. आपण काळजी पहिलीची करतो. धोका दुसरीला असतो.

‘हॅलोविन’मध्ये एक सीन आहे. माझ्या मते अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात भीतीदायक, आणि त्यात मायकल मायर्स जवळ आलेलाही नसतो. लॉरी जखमी होऊन रस्त्यावर धावत सुटते. दुतर्फा घरं, सगळी माणसांनी भरलेली. एका घरासमोर जाऊन ती दार बडवते, वाचवा म्हणून ओरडते. घरातला दिवा लागतो. खिडकीचा पडदा जरासा हलतो, कोणीतरी बाहेर डोकावतं. आणि दिवा बंद होतो.

बस, एवढंच. त्या घरातला माणूस वाईट नसेल. त्याला वाटलं असेल, हॅलोविन आहे, पोरांची मस्ती चाललीय.

ग्रुपमध्ये पिक्चर बघताना हा सीन चार सेकंदांत निघून जातो, कारण सगळे "पळ, पळ!" ओरडत असतात. पहिल्यांदा एकटीने बघितला तेव्हा मी पॉज केला. मग जाणवलं की यात एक साखळीच आहे. आदल्या काही तासांत छोटा टॉमी लॉरीला सांगत असतो की बाहेर बागुलबुवा आहे, मी त्याला बघितलं. लॉरी त्याला समजावते, असं काही नसतं. म्हणजे आधी लॉरीने टॉमीवर विश्वास ठेवला नाही, मग शेजाऱ्याने लॉरीवर ठेवला नाही. आणि त्या रात्री शेवटी तिच्यासाठी दार उघडतं कोण? झोपेतून उठून आलेला टॉमीच!

कॅरल क्लोव्हर नावाच्या अभ्यासक बाईंनी अशा पिक्चरमध्ये शेवटी उरणाऱ्या मुलीला ‘फायनल गर्ल’ असं नाव दिलं. 1992 सालचं त्यांचं पुस्तक याच विषयावर आहे. बाकीचे दंगा करत असतात तेव्हा या मुलीचं आजूबाजूला लक्ष असतं. काहीतरी गडबड आहे हे तिला आधी दिसतं. ती ते सांगते, आणि तिला ऐकायला मिळतं, "तुला भास होतोय."

आता जरा आपल्या कॉलेजकडे या. ‘भास होतोय’, ‘मस्करी होती’, ‘एवढं काय मनावर घेतेस’, ‘सीनियर आहेत, थोडंफार चालतं’... ही वाक्यं ओळखीची वाटतात की नाही? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. यूजीसीचे नियम 2009 चे आहेत. ॲडमिशनच्या वेळी आपण सगळ्यांनी, आपल्या पालकांसकट, रॅगिंग करणार नाही म्हणून प्रतिज्ञापत्रं भरून दिली आहेत. कायदा आहे, फॉर्म आहे, नोटीस बोर्डावर कमिटीची यादी आहे. पण रात्री दीड वाजता कॉरिडॉरमधून कोणाचा तरी रडण्याचा आवाज येतो तेव्हा यातलं काहीच तिथे नसतं. तिथे असतात आजूबाजूच्या रूम. आणि त्या रूममधले आपण दिवा लावतो की बंद करतो, एवढाच प्रश्न उरतो. रॅगिंग करणारे दहा असतील. पांघरूण डोक्यावर ओढून "मस्ती चाललीय" म्हणणारे शंभर असतात.

म्हणून मला वाटतं की या शंभर जणांनी एकदा तरी एकटं बसून भयपट बघावा. दोन तास तुम्ही त्या मुलीच्या जागी असता. तुम्हाला दिसतंय, बाकी कोणाला दिसत नाहीये. ओरडून उपयोग नाही. शेजारी हसायला कोणी नाही, जोक मारून सुटका नाही. दिवा बंद होतो तेव्हा पोटात जो खड्डा पडतो तो लक्षात राहतो. रॅगिंगवरच्या चार गेस्ट लेक्चरमध्ये मला हे कळलं नव्हतं (तिसऱ्या लेक्चरला मी झोपले होते, ते सोडा).

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: "हे असले परदेशी सण हवेत कशाला?" मला विचाराल तर हॅलोविनची सुट्टी नको, बॅनर नको, कॅफेतला डिस्काउंटही नको. एक रात्र आणि एक पिक्चर, एवढंच. आणि स्वदेशीच हवं असेल तर नारायण धारपांच्या कथा आहेत, मतकरींच्या गूढकथा आहेत. पिक्चरच बघायचा तर ‘तुंबाड’ (2018) आहे. त्यातही भीती बाहेरून येत नाही, वाड्यातच बसलेली असते आणि घरातलीच माणसं तिच्याकडे परत परत जातात.

दुसरा आक्षेप आईचा: "असलं बघून डोक्यावर परिणाम होतो." यावर एक गंमत सांगते. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरोनाच्या सुरुवातीच्या काळात भयपट आवडीने बघणाऱ्यांना मानसिक त्रास तुलनेने कमी जाणवला, असं दिसलं. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातले माथियास क्लासेन या संशोधकांपैकी एक. अर्थात कोरिलेशन म्हणजे कारण नव्हे, हे मॅथ्सच्या पेपरला मार्क गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि ज्याला खरंच त्रास होतो, झोप उडते, जुनं काही आठवतं, त्याने अजिबात बघू नये. यात शौर्यपदक मिळत नाही. स्पेस बार आपल्या हातात आहे, हाच तर एकटं बघण्याचा फायदा. ग्रुपमध्ये "बंद कर" म्हणायची सोय नसते, एकट्याला असते. आपण निवडलेली भीती आणि आपल्यावर लादलेली भीती यांत एवढा फरक आहेच.

ज्यांना प्रयोग करायचाय त्यांच्यासाठी प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी कृती देते. साहित्य: लॅपटॉप, बरे हेडफोन, पांघरूण, चहा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर प्रत्येक शांत सीनला तुम्ही मेसेज बघाल आणि पिक्चर मेला. स्पीड दीडपट करू नका, लेक्चर नाहीये ते. सुरुवात करायला जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) घ्या. पिट्सबर्गच्या आसपास काढलेला हा पिक्चर फुकट आणि कायदेशीर आहे. रिलीजच्या वेळी त्याचं नाव बदललं आणि नव्या टायटल कार्डावर कॉपीराइटची ओळ टाकायचीच राहिली, त्यामुळे तो सगळ्यांचा झाला. एका शेतघरात अडकलेली माणसं बाहेरच्या मुडद्यांपेक्षा एकमेकांशीच कशी भांडतात, ते बघा. तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपची आठवण येईल. शेवट सांगत नाही, पण तो झाल्यावर दहा मिनिटं गप्प बसाल. त्यानंतर ‘हॅलोविन’. तेवढं एका रात्रीला पुष्कळ झालं.

पिक्चर संपल्यावर लगेच दिवे लावू नका. पंखा, फ्रिज, पाण्याच्या टाकीचा आवाज, खालच्या कुत्र्यांचं भुंकणं... आपल्या घराचे आवाज आपण कधी ऐकलेलेच नसतात, ते जरा ऐका. त्यातले बहुतेक साधेच असतात, हे कळायला दोन मिनिटं लागतात.

आणि त्यात एखादा आवाज माणसाचा असेल, शेजारच्या रूममधून किंवा कॉरिडॉरमधून, तर दिवा लावा आणि दार उघडून बाहेर या. दोन-तीन दारं वाजवून बाकीच्यांनाही उठवा. मस्ती निघाली तर तुमची पाच मिनिटांची झोप जाईल, थोडी टिंगल होईल. टिंगल होऊ द्या.